कोलिझियममधला शेवटचा हंगाम: ओकलंड ए'ज, २०२४

खाडीपल्याड | ६ ऑक्टोबर २०२४

२६ सप्टेंबरला, गुरुवारी भर दुपारी, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड कोलिझियम मैदानावर ए'ज या बेसबॉल संघाचा तिथला शेवटचा सामना झाला. टेक्सास रेंजर्सना ३-२ असं हरवलं. दहा दिवस लिहू लिहू म्हणतेय, आज बसले एकदाची. इथे बेसबॉल बघणारे थोडेच आहेत हे माहीत आहे, म्हणून लागेल तिथे खेळ समजावत जाते.

आधी आकडे, म्हणजे ते बाजूला ठेवता येतील. एका हंगामात १६२ सामने असतात. ए'जनी ६९ जिंकले, ९३ गमावले. गटात पाच संघ, त्यात चौथा नंबर. पेपरात एवढंच छापून आलं तर कोणीही पान उलटेल. पण आदल्या वर्षी याच संघाने ११२ सामने गमावले होते आणि जिंकले होते फक्त ५०. जुलैच्या मध्यात ऑल-स्टारची सुट्टी असते, तोवर यंदाही ३७-६१ अशीच दैना होती. सुट्टीनंतर मात्र ३२ जिंकले, ३२ हरले. बरोबरीत! आपलं गावच आपल्याला राहणार नाही हे माहीत असलेल्या पोरांनी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कोणालाही हार न जाता खेळ केला. माझ्या लेखी हा हंगाम त्यासाठी लक्षात ठेवायचा.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: मालक जॉन फिशर यांना संघ लास व्हेगसला न्यायचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये लीगच्या सगळ्या ३० मालकांनी त्याला मंजुरी दिली, ३०-० अशी. तिथलं मैदान अजून उभं राहायचंय, आणि ओकलंडशी भाडेकराराचं जमलं नाही. त्यामुळे या एप्रिलमध्ये जाहीर झालं की पुढची तीन वर्षं संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका लहान मैदानावर खेळणार. म्हणजे हंगाम जेमतेम आठवडाभर जुना असताना कळलं की कोलिझियमवरचं हे शेवटचं वर्ष.

मी आत गेलेच नव्हते. २८ मार्चला क्लीव्हलंडविरुद्ध पहिला सामना होता, तेव्हा हजारो लोकांसारखी मीसुद्धा बाहेर पार्किंगमध्ये उभी होते. हिरवे शर्ट, ढोल, झेंडे. आत १३,५२२ प्रेक्षक अशी नोंद झाली आणि संघ ८-० असा हरला. बाहेर आम्ही ठरवून टाकलं होतं की या मालकाच्या खिशात आता आपला एक डॉलरही जाणार नाही. मी शब्द पाळला. एप्रिल, मे, जून, जुलै. स्वयंपाक करताना रेडिओ लावायचे, बस.

आणि रेडिओवरच ऐकत गेले. ४ मे रोजी मायामीला २०-४ ने धुतलं. त्या दिवशी १७ विजय, १७ पराभव अशी बरोबरी झाली होती. मी पोळ्या लाटत होते आणि निवेदकाचा आवाज चढतच चाललेला. त्यानंतर घसरण लागली ती जूनअखेरपर्यंत. लॉरेन्स बटलर नावाचा पोरगा, वय तेवीस, मे महिन्यात त्याला खालच्या संघात पाठवलं, कारण बॅटला चेंडूच लागेना. जूनमध्ये परत आला. १४ जुलैला फिलाडेल्फियात, सुट्टीच्या आदल्या सामन्यात, त्याने तीन होम रन मारले (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपल्या षटकारासारखा) आणि संघ १८-३ ने जिंकला. वर्षअखेर त्याचे २२ होम रन. ब्रेंट रूकरचं तर काय सांगू. मिनेसोटा, सॅन डिएगो, कॅन्सस सिटी, कुठेच टिकला नाही. ए'जनी त्याला अक्षरशः उचलून आणला. यंदा ३९ होम रन आणि ११२ धावा त्याच्या बॅटीतून घरी आल्या. हे सगळं माझ्या घरापासून वीस मिनिटांवर चाललं होतं आणि मी बघत नव्हते.

ऑगस्टमध्ये मुलगी म्हणाली, "आई, तू रागावली आहेस मालकावर, आणि बोलत नाहीस खेळाडूंशी." ती बारा वर्षांची आहे. त्या आठवड्यात शिकागो व्हाइट सॉक्स आलेले, सलग वीस पराभव घेऊन. ५ ऑगस्टला आपण त्यांना एकविसावा दिला, ५-१. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो, तर त्यांनी नेमकी तीच धावसंख्या आपल्यावर उलटवून तो सिलसिला मोडला. तरी मला चार महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. बार्ट या लोकल ट्रेनच्या स्टेशनपासून मैदानापर्यंत तो लांबलचक पादचारी पूल, दोन्ही बाजूंना तारेची जाळी, शेंगदाण्याच्या पिशव्या आणि टोप्या विकणारे. खांद्यावरच्या पिशवीत पोळीच्या गुंडाळ्या. वीस वर्षं तशाच.

आणि सोबत माझी सामना लिहायची वही. बेसबॉलमध्ये प्रेक्षक स्वतः सामना लिहितात. प्रत्येक खेळाडूसमोर नऊ इनिंगचे, म्हणजे डावांचे, नऊ चौकोन, प्रत्येक चौकोनात एक छोटा हिरा, हिऱ्याचे चार कोपरे म्हणजे चार बेस. क्षेत्ररक्षकांना आकडे दिलेले: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) ६, मग बाहेरचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर बाद झाला, की चौकोनात लिहायचं ६-३. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकमध्ये चेंडू नीट मारू न शकल्याने बाद झाला, तर K. हे मला २००४ मध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या एका आजींनी शिकवलं. त्या १९६८ पासून, म्हणजे संघ कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला त्या वर्षापासून येत होत्या. त्यांनी पर्समधून अर्धी पेन्सिल काढून दिली आणि म्हणाल्या, लिहिलंस की दिसायला लागेल. खरंच दिसायला लागलं. त्याआधी मला हा खेळ नुसता थांबून थांबून चाललेला वाटायचा.

२६ तारखेला ४६,८८९ लोक होते. मैदान तुडुंब. संघाचा जुना पिचर बॅरी झिटोने राष्ट्रगीत म्हटलं, मानाचा पहिला चेंडू टाकायला संघाचे जुने खेळाडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट. दोघेही ओकलंडमध्ये वाढलेले. नवव्या इनिंगला मेसन मिलर पिच करत होता. दोन बाद. ट्रॅव्हिस जँकोव्स्कीने चेंडू जमिनीलगत तिसऱ्या बेसकडे मारला. शूमनने उचलला, पहिल्या बेसवर सोडरस्ट्रॉमकडे फेकला. मी चौकोनात ५-३ लिहिलं, भोवती गोल करून तीन आकडा काढला, म्हणजे तिसरा बाद. हात थरथरत होता, तो पाचाचा आकडा अजून वाचताही येत नाही नीट.

मग प्रशिक्षक मार्क कॉट्से मैदानात माइक घेऊन उभे राहिले, लोकांचे आभार मानले आणि शेवटची आरोळी सगळ्यांकडून करून घेतली: लेट्स गो, ओकलंड. ढोलाच्या त्या पाच ठोक्यांवर. बराच वेळ कोणी उठेना. मैदानाची देखभाल करणारे कर्मचारी कठड्यापाशी येऊन लोकांना इनफिल्डची माती देत होते. माझ्यापुढच्या माणसाने कॉफीच्या कपात घेतली.

कोणी इथे त्या दिवशी होतं का? किंवा कोणी यंदाचा हंगाम पाहिला का?

---

मध्यमगती | ६ ऑक्टोबर

धागा एका दमात वाचला. मी क्रिकेटवाला, बेसबॉल शून्य. पण मिलरबद्दल ऐकलंय. त्याचा वेग नक्की किती?

खाडीपल्याड | ६ ऑक्टोबर

ताशी १०३ मैलांच्या पुढे अनेकदा टाकतो. म्हणजे १६५ किलोमीटरपेक्षा जास्त. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने १६१.३ टाकला होता, त्यावरून अंदाज करा. अर्थात इथे टप्पा नाही आणि धावत येणंही नाही, एका जागी उभं राहून साडेसाठ फुटांवरून टाकायचं. मिलर क्लोजर आहे, म्हणजे आघाडी असताना शेवटचे तीन-चार बळी घ्यायला येणारा. यंदा ६५ इनिंगमध्ये १०४ स्ट्राइकआउट आणि २८ सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने. इनिंगला तीनच बाद लागतात हे लक्षात घेतलं, तर त्यातले निम्म्याहून जास्त त्याने स्ट्राइकआउटनेच घेतले.

दोनवेण्या | ६ ऑक्टोबर

मिलरवर मला लिहायचंच आहे. माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, सहाव्या वर्षी कळलं. मिलरलाही टाइप १ आहे, कॉलेजात असताना निदान झालं. आमच्या घरी बेसबॉल कोणी बघत नव्हतं. मुलाला शाळेतल्या मित्राने सांगितलं आणि तेव्हापासून तो सकाळी उठून आधी मिलर आला होता का ते विचारतो. पोटावर सुई टोचताना पूर्वी डोळे मिटायचा. आता स्वतः टोचतो आणि म्हणतो, "मिलरसुद्धा आज हे करत असेल." आम्ही पुण्यात असतो, कोलिझियम फक्त यूट्यूबवर पाहिलं. पण २७ तारखेला पहाटे उठून ती शेवटची इनिंग मायलेकांनी पाहिली.

खाडीपल्याड | ६ ऑक्टोबर

दोनवेण्या, हे वाचून डोळे भरून आले. मुलाला माझा आशीर्वाद. त्या दिवशीच्या माझ्या पानाचा फोटो पाठवते, मिलरच्या रकान्यासकट.

कल्याणकर | ७ ऑक्टोबर

मला मूळ मुद्दाच कळत नाही. मुंबईचा रणजी संघ कोणी उचलून सुरतेला नेला, असं होऊ शकतं का? शहर काहीच करू शकत नाही?

रानजाई | ७ ऑक्टोबर

कल्याणकर, रणजी संघ राज्य संघटनेचा असतो. इथे संघ ही मालकाची खासगी मालमत्ता, शहराचं फक्त नाव. शिवाय १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही. त्याला शंभर वर्षं झाली, तो अजून बऱ्याच अंशी तसाच आहे. म्हणून ३० मालक बसून ठरवतात की संघ कुठे राहील. नेवाडा राज्याने गेल्या वर्षी जूनमध्ये कायदा करून नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. ओकलंडमध्ये बंदराजवळ हॉवर्ड टर्मिनलला मैदान बांधायची बोलणी कित्येक वर्षं चालली आणि फिसकटली.

आणि ओकलंडच्या बाबतीत हे तिसरं आहे. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले, फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगसला. एकाच आवारात तिन्ही खेळायचे. आता तिघांपैकी तिथे कोणी नाही. त्या पुलावर टोप्या विकणाऱ्यांचं काय झालं असेल?

ओवी | ७ ऑक्टोबर

खाडीपल्याड, लेख छान आहे, पण बहिष्काराबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मोकळेपणी मांडते. तुम्हाला आत न गेल्याचा पश्चात्ताप झाला. मला नाही. मी शेवटच्या दिवशीही गेले नाही.

१३ जून २०२३ ला मी आत होते. लोकांनी उलटा बहिष्कार घातला होता, म्हणजे ठरवून सगळ्यांनी यायचं, कारण लीग म्हणत होती ओकलंडला प्रेक्षकच नाहीत. रिकाम्या मैदानावर त्या मंगळवारी २७,७५९ लोक आले. हिरव्या शर्टांवर एकच शब्द, 'विका'. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळे उभे राहिलो, चिडीचूप. इतक्या लोकांची शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मग एकदम घोषणा, 'संघ विका'. टॅम्पा बे तेव्हा तक्त्यात सगळ्यात वर, त्यांना २-१ ने हरवलं. आणि त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने पैशाचा कायदा मंजूर केला. त्यानंतर मी ठरवलं की यांना आमचं येणंही दिसत नाही आणि न येणंही. मग माझं मी न येणंच निवडलं. शेवटच्या दिवशी ४६ हजार लोकांनी तिकिटं काढली, ते पैसे कोणाला गेले?

खाडीपल्याड | ७ ऑक्टोबर

ओवी, पैसे कोणाला गेले हे खरंच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. १३ जूनला मीही होते, तिसऱ्या बेसच्या बाजूला, ती शांतता मला आजही अंगावर येते. तुमचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. मला फक्त माझं कळलं. बटलर जूनमध्ये परत आला तेव्हा अख्ख्या मैदानात चार-पाच हजार लोक असतील. त्याला कोणी हाक मारायला हवी होती. मी तिथे असायला हवं होतं, माझ्यापुरतं.

ओवी | ७ ऑक्टोबर

हे पटलं. मी रेडिओ बंद केला होता, तेवढं मात्र चुकलं असं आता वाटतंय.

जुनापाणी | ८ ऑक्टोबर

मी १९८६ मध्ये ओकलंडजवळच्या हेवर्डला आलो. तेव्हा या भागात मराठी घरं हाताच्या बोटांवर. ऑफिसातले सगळे ए'जबद्दल बोलायचे, म्हणून मीही बघायला लागलो. १९८९ ची गोष्ट इथे नोंदवतो.

त्या वर्षी अंतिम मालिका ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात, खाडीच्या दोन काठांवरचे संघ. १७ ऑक्टोबर, तिसरा सामना सॅन फ्रान्सिस्कोत. मी तो बघायला ऑफिसातून लवकर निघून घरी आलो होतो. संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी भूकंप झाला. टीव्हीवरचं चित्र गेलं. ओकलंडमधला सायप्रसचा दुमजली रस्ता कोसळून एकट्या तिथे ४२ माणसं गेली, एकूण ६३. ती गर्दीची वेळ होती, तरी रस्त्यावर नेहमीपेक्षा गाड्या कमी होत्या, कारण माझ्यासारखे कितीतरी जण सामन्यासाठी आधीच घरी पोचले होते. माझा रोजचा रस्ता तोच. माझी बायको अजून म्हणते, तुम्हाला बेसबॉलने वाचवलं. दहा दिवसांनी मालिका परत सुरू झाली आणि ए'ज ४-० ने जिंकले.

आधीची तीन विजेतेपदं, १९७२, ७३, ७४, मी आल्यावर ऐकली. लोक ती सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगायचे, क्रम न चुकवता. २००२ मध्ये सलग वीस विजय झाले तेव्हा विसावा सामना मी पाहिला. ११-० आघाडी होती, ती ११-११ झाली. मग नवव्या इनिंगला हॅटेबर्ग बदली म्हणून आला आणि त्याने होम रन मारला. माझ्या शेजारचा पंजाबी ड्रायव्हर आणि मी एकमेकांना मिठी मारून उभे होतो, नावही माहीत नसताना. २६ सप्टेंबरला माझ्या गुडघ्यांमुळे जमलं नाही. तुमच्या लेखामुळे गेल्यासारखं झालं.

मध्यमगती | ९ ऑक्टोबर

जुनापाणी काका, असंच लिहीत राहा. खाडीपल्याड, ते चौकोन कसे भरायचे यावर वेगळा धागा काढा ना.

---

रानजाई | २२ डिसेंबर २०२४

धागा वर आणतेय. रिकी हेंडरसन गेले. २० तारखेला, न्यूमोनियाने. २५ ला ६६ वर्षांचे झाले असते. तीन महिन्यांपूर्वी याच धाग्यात त्यांनी पहिला चेंडू टाकल्याचं वाचलं होतं.

जुनापाणी | २२ डिसेंबर

काल रात्रीपासून मन लागत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिचर चेंडू टाकायच्या तयारीत असताना बेसवरच्या खेळाडूने पळत सुटायचं आणि कॅचरचा फेक येण्याआधी पुढचा बेस गाठायचा, याला बेस चोरणं म्हणतात. रिकींनी कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले. दुसऱ्या नंबरवरच्या लू ब्रॉकचे ९३८. एकट्या १९८२ च्या हंगामात १३०. कोलिझियमच्या मैदानाला त्यांचंच नाव दिलेलं.

१ मे १९९१ ला मी होतो. ब्रॉकचा विक्रम मोडणारा ९३९ वा. पहिल्या पायरीपासून सांगतो. ते दुसऱ्या बेसवर होते. बेसपासून एक पाऊल सरकले, मग दुसरं, मग बोटं हलवायला लागले, गुडघ्यांपाशी, दोन्ही हातांची, जणू सतारीवर फिरताहेत. माझ्या मागचा माणूस हळूच म्हणाला, आता. आणि गेले. पोटावर, हात पुढे, धूळ. पंचाने हात पसरले. त्यांनी तिसरा बेसच जमिनीतून उपटला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

दोनवेण्या | २२ डिसेंबर

काका, मुलाला वाचून दाखवलं. तो दिवाणखान्यात बोटं हलवत उभा आहे.

ओवी | २३ डिसेंबर

मी २६ सप्टेंबरला गेले नाही याचं मला पहिल्यांदा वाईट वाटतंय. त्यांना शेवटचं बघायचं राहिलं.

खाडीपल्याड | २३ डिसेंबर

ओवी, माझ्याकडे त्या दिवसाचं पान आहे, पण पहिला चेंडू टाकणारे वहीत येत नाहीत, त्यांना चौकोन नसतो. मी वरच्या समासात पेन्सिलीने त्यांचं नाव लिहिलं होतं. काल पाहिलं, आहे अजून, जरा पुसट झालंय.

मुलीला सॅक्रामेंटोला बटलर बघायला जायचंय. ते माझं अजून ठरत नाही. पण ओकलंड बॉलर्स म्हणून नवा संघ निघालाय, पायोनियर लीगमधला, याच वर्षी सुरू झाला. वेस्ट ओकलंडच्या रेमंडी पार्कला खेळतात, लहानसं मैदान आहे. त्यांचा हंगाम मेअखेरीस सुरू होतो. ओवी, रानजाई, तुम्ही दोघी इथल्याच. जुनापाणी काका, तुम्हाला मी हेवर्डहून गाडीने घेईन, पायऱ्या कमी असलेली जागा बघू. वही लिहायला तिथेच शिकवते सगळ्यांना. पेन्सिली मी आणते.